सागरी फ्रीस्टाइल

समुद्र, खाडी, नदी किंवा मोठ्या जलाशयात लांब पल्ला पोहताना वापरली जाणारी फ्रीस्टाइलची बदललेली रीत. नियमाप्रमाणे फ्रीस्टाइल म्हणजे पोहणाऱ्याला हवी ती शैली. प्रत्यक्षात मात्र जवळजवळ सगळेच पालथे पडून आळीपाळीने हात टाकण्याची ‘क्रॉल’ शैली निवडतात, कारण तिच्याइतकी वेगवान शैली दुसरी नाही. तलावात शिकलेली हीच शैली समुद्रात जशीच्या तशी चालत नाही. तळाची काळी रेघ नसते, दर २५ किंवा ५० मीटरला ढकलून निघायला भिंत नसते आणि पाणी स्वतःच हलत असते.

क्रॉल ही कमी अंतराची, दम काढणारी शैली असा समज बराच काळ होता. मॅथ्यू वेब यांनी १८७५ मध्ये इंग्लिश खाडी प्रथम पार केली ती छातीवरच्या संथ शैलीने (ब्रेस्टस्ट्रोक), २१ तास ४५ मिनिटांत. १९२६ मध्ये गर्ट्रूड एडर्ली या अमेरिकन तरुणीने तीच खाडी क्रॉलने साधारण साडेचौदा तासांत पार केली. तोवरच्या सर्वांत जलद पुरुषापेक्षा ही वेळ सुमारे दोन तासांनी कमी होती आणि त्यानंतर शैलीचा वाद फारसा उरला नाही. भारतीयांपैकी मिहिर सेन यांनी १९५८ मध्ये आणि आरती साहा यांनी १९५९ मध्ये ही खाडी पोहून पार केली. पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पार करून ‘ओशन्स सेव्हन’ ही सात सामुद्रधुनींची मालिका पूर्ण केली. महाराष्ट्रात संक रॉक ते गेटवे ऑफ इंडिया हे ५ किमीचे आणि धरमतर ते गेटवे हे सुमारे ३६ किमीचे अंतर पोहण्याची जुनी परंपरा आहे. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरणाच्या स्पर्धा भरतात. ऑलिंपिकमध्ये १० किमीची खुल्या पाण्यातील शर्यत २००८ च्या बीजिंग स्पर्धेपासून आहे.

पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट असते. पाण्याचा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग एक दशांशाने वाढवायचा तर शक्ती सुमारे एक तृतीयांश जास्त लागते. ताकद वाढवून वेग मिळवणे म्हणूनच महागात पडते. लांब पल्ल्याच्या पोहण्यात सुधारणा करायची तर आधी विरोध कुठे वाढतो आहे ते शोधावे लागते, आणि बहुतेकांच्या बाबतीत त्याचे मूळ डोक्यात सापडते. फुप्फुसांतल्या हवेमुळे छाती तरंगते, कंबर आणि पाय जड पडतात. डोके वर उचलले की दुसऱ्या टोकाला पाय आणखी बुडतात आणि शरीर पाण्यात तिरके होऊन ओढले जाते. विहिरीत किंवा नदीत, कमरेला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलेल्यांना डोके वर ठेवायची सवय पक्की असते. अशी माणसे पाण्याला भीत नाहीत, ही समुद्रात मोठीच जमेची बाजू. पण त्यांना मान सैल सोडून तळाकडे पाहायला शिकवणे हे प्रशिक्षकासाठी सर्वांत चिवट काम ठरते. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असल्याने समुद्रात पाय थोडे कमी बुडतात, तेवढीच सवलत.

डोक्याचा प्रश्न श्वासाशी बांधलेला आहे. डोके उचलून श्वास घ्यायचा नसतो, खांदे व कंबर यांच्यासोबत ते कुशीवर वळू द्यायचे असते. पुढे जाणाऱ्या डोक्यामागे पाण्यात खळगा तयार होतो, तोंड त्या खळग्यात उघडले तर एक डोळा पाण्यातच राहतो. उच्छ्वास पाण्याखाली सलग सोडावा लागतो. तो रोखून धरणारा पोहणारा वर आल्यावर आधी सोडतो आणि मग घेतो, दोन्ही अर्धवट होतात आणि शंभर मीटरमध्ये धाप लागते. ‘माझा दम कमी पडतो’ असे सांगणाऱ्या पुष्कळांचा दम पुरेसा असतो, उच्छ्वास अपुरा असतो. समुद्रात दोन्ही बाजूंनी श्वास घेता येणे आवश्यकच असते. वारा आणि लाटा उजवीकडून आल्या तर उजवा श्वास म्हणजे खारट घोट, आणि सोबतची होडी वाऱ्याच्या बाजूला असेल तर डिझेलचा धूर. सोबतीची होडी दिसत राहावी म्हणून तिच्याकडेच तोंड करणाऱ्यांना हा धूर चांगला ठाऊक असतो.

हाताच्या कामात निर्णायक भाग म्हणजे सुरुवातीची पकड, जिला जलतरणपटू ‘कॅच’ म्हणतात. हात खांद्याच्या रेषेत पुढे पाण्यात शिरतो, लांबतो आणि मग कोपर वरच राहून पंजा व कोपरापुढचा हात खाली वळतो, जणू एखाद्या पिंपावरून हात पलीकडे टाकून ते मागे ओढायचे आहे. कोपर आधी खाली पडले तर पंजा पाणी मागे लोटण्याऐवजी खाली दाबतो, छाती उचलली जाते आणि पाय पुन्हा बुडतात. हात डोक्यापुढे मधली रेषा ओलांडून गेला तर शरीर नागमोडी जाते, आणि किनारा दूर असताना नागमोडीचा प्रत्येक मीटर भरावाच लागतो. अंगठा आधी खुपसून हात पाण्यात घालण्याची सवय खांद्याला घातक असते. मिनिटाला ६० हात धरले तर १२ तासांत ४३,२०० हात होतात, म्हणजे एकेका खांद्याच्या वाट्याला २१,६००. तलावात अर्ध्या तासात न जाणवणारा दोष इथे दुखापत होऊन बाहेर येतो.

तलावात सुंदर दिसणारी लांब सरक, म्हणजे एक हात पुढे ठेवून वाट पाहत घसरणे, खळबळीच्या पाण्यात फारशी उपयोगी नाही. दोन हातांच्या मधल्या क्षणी आडवी लाट येऊन थडकली की वेग तिथेच मरतो. त्यामुळे समुद्रात सरक आखूड ठेवून हातांची गती थोडी वाढवतात, आणि परतणारा हात लाटेला अडू नये म्हणून जास्त उंच, प्रसंगी जवळजवळ सरळ फिरवतात. पायांबद्दल थोडक्यात सांगायचे तर दोन हातांच्या पूर्ण फेऱ्यात दोनदाच पाय मारणे बहुतेकांना पुरते. मांड्यांचे मोठे स्नायू भरपूर प्राणवायू खातात आणि त्या मानाने पुढे ढकलतात कमी.

दिशा पाहण्याला ‘साइटिंग’ म्हणतात. सुसरीसारखे फक्त डोळे पाण्यावर काढायचे, क्षणात पाहायचे आणि त्याच ओघात डोके वळवून श्वास घ्यायचा. शांत पाण्यात आठ-दहा हातांनी एकदा पुरते. लाटा असतील तर लाटेच्या माथ्यावर असतानाच पाहावे, खळग्यातून पाणीच दिसते. डोळा पाण्यापासून १० सेंमी वर असेल तर क्षितिज जेमतेम १ किमीवर येते, त्यामुळे जवळच्या बुटक्या खुणेपेक्षा लांबची उंच खूण धरणे शहाणपणाचे. मुंबईच्या बंदरात पोहणाऱ्यासाठी गेटवेपेक्षा त्यामागच्या ताज हॉटेलचा उंच घुमट जास्त कामाचा. सरळ पोहण्याची परीक्षा मात्र तलावातच घेता येते: मोकळ्या भागात डोळे मिटून दहा-बारा हात मारायचे आणि कुठल्या बाजूला भरकटलो ते पाहायचे. कोणता हात मधली रेषा ओलांडतो किंवा अर्धवट ओढतो, ते त्यावरून बरेचसे कळते.

प्रवाहापुढे तंत्राची मर्यादा उघडी पडते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जोराने धावते, अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या दिवसांत ते मवाळ असते. इंग्लिश खाडीतल्या बहुतेक मोहिमा याच कारणाने भांगाच्या काळात आखतात. धरमतरहून निघणारा ओहोटीचा फायदा घेतो. प्रवाह आडवा असेल तर लक्ष्याच्या थेट दिशेने पोहत राहणे व्यर्थ, प्रवाहाच्या वरच्या अंगाला तोंड ठेवून तिरके जावे लागते.

सरावाची सुरुवात बाजूने आणि समोरून, शक्यतो पाण्याखालून घेतलेल्या चित्रफितीने करावी. आपण कसे पोहतो याविषयीची पोहणाऱ्याची स्वतःची कल्पना बहुधा चुकीची निघते. एका वेळी एकच दोष घ्यावा. मुठी मिटून पोहण्याने कोपरापुढच्या हाताची पकड कळते, कुशीवर राहून पाय मारल्याने अंग वळवणे सुधारते. सलग ३ किमी वाईट पोहण्यापेक्षा ५० मीटरचे ४० तुकडे नीट पोहणे अधिक उपयोगी. टिकाऊ वेग ठरवण्यासाठी ४०० आणि २०० मीटरच्या वेळांतला फरक वापरतात: ४०० ला ८ मिनिटे आणि २०० ला ३ मिनिटे ४८ सेकंद लागले, तर फरकाच्या २०० मीटरला २५२ सेकंद, म्हणजे दर १०० मीटरला २ मिनिटे ६ सेकंद. काही तासांचा पल्ला याहून सावकाशच पोहावा लागतो. समुद्रातला सराव एकट्याने करू नये.

खाण्यापिण्याचे थांबे हाही तंत्राचाच भाग आहे, जरी त्याकडे कोणी तसे पाहत नाही. होडीला हात लावण्याची मुभा नसल्याने दोरीला बांधलेली बाटली किंवा काठीवरचा पेला घेऊन, पाठीवर तरंगत प्यायचे असते. १२ तासांत दर अर्ध्या तासाला एक धरला तर २३ थांबे होतात. प्रत्येकी २ मिनिटे घेतली तर ४६ मिनिटे, अर्धा मिनिट घेतला तर साडेअकरा. त्या अवधीत प्रवाह थांबलेला नसतो. शेवटच्या काही शे मीटरमध्ये पाय मुद्दाम थोडे जास्त मारतात. इतके तास आडवे राहिलेले शरीर किनाऱ्यावर एकदम उभे राहिले की भोवळ येते, आणि इंग्लिश खाडीच्या नियमांप्रमाणे पाण्याबाहेर स्वतःच्या पायांनी यायचे असते.