चाल मुलांचीच राहू द्या
(गेमिंग कन्व्हेन्शनमध्ये आमच्या बालटेबलावर मुलांना आणणाऱ्या पालकांसाठी)

कुडाळ असो की रत्नागिरी, कन्व्हेन्शनमध्ये लहान मुलांचं टेबल आम्ही सावंतवाडीहून येऊन लावतो, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. टोकन कुठे घ्यायचं ते नव्याने सांगायला नको. एक गोष्ट मात्र दर डावाला सांगावी लागते आणि तेवढ्यात रांगेतली मुलं ताटकळतात, म्हणून छापूनच देतो आहोत: मुलाच्या मागे उभं राहून चाल सांगू नका.

फळबागेचाच खेळ घ्या. मूळचा जर्मनीतला, १९८६ सालचा. चार झाडं, प्रत्येकावर दहा फळं, आणि नऊ तुकड्यांचा एक कावळा. फाशावर रंग पडला की त्या रंगाचं फळ तोडायचं, कावळा पडला की त्याचा एक तुकडा लावायचा. कावळा पुरा होण्याआधी सगळ्यांनी मिळून बाग उतरवायची. चार वर्षांच्या मुलाला यात डोकं चालवायला एकच जागा आहे. फाशावर टोपली आली की हवी ती दोन फळं घेता येतात. आणि नेमका तेव्हाच मागून आवाज येतो, "पिवळी घे रे, पिवळी!"

तुमचं बरोबरच असतं. जे झाड जास्त भरलेलं, त्याचीच फळं घ्यावीत, म्हणजे पुढे रंग फुकट जात नाहीत. पण लाल झाड रिकामं करून बसलेल्या मुलाला पुन्हा लालच पडतं, तोडायला काही नसतं, तेव्हा हे त्याचं त्यालाच उमगतं. पुढच्या टोपलीला त्याचा हात थबकतो, झाडं मोजतो. आम्ही हे टेबल लावतो ते त्या थबकण्यासाठी. एकदा मागून सांगितलंत की मूल प्रत्येक फाशानंतर आधी तुमच्याकडे बघतं. मग शेजारच्या मुलीची आजीही पुढे सरकते, आणि वीस मिनिटांचा डाव पाऊण तास चालतो.

म्हणून पालकांना टेबलाभोवतीच्या दोरीबाहेर थांबवतो. काहींना ते लागतं, आम्हाला कळतं. बुजरं मूल पहिल्या डावाला तुमच्या मांडीवर बसलं तरी चालेल, फक्त तुम्ही गप्प राहायचं. नियमही आम्ही आधी सगळे सांगत नाही. मिनिटाभरात पहिला फासा पडतो, बाकीचं पाळीपाळीने कळत जातं.

"धाकट्याला कच्चा लिंबू म्हणून घ्या ना," असंही रोज कुणीतरी म्हणतं. घेत नाही. टेबलाला चारच भिडू. पाचवा आला की पाळी लांबते आणि मुलं टेबलाखाली शिरतात. शिवाय आपल्याला धरत नाहीत हे कच्च्या लिंबालाही समजतं हो. तीन वर्षांखालच्यांना तर मुळीच नाही, कारण खेळातलं छोटं फळ सरळ तोंडात जातं आणि घशात अडकू शकतं. त्यांच्यासाठी बाजूच्या चटईवर आमच्या सावंतवाडीच्या चितार आळीत, म्हणजे लाकडी खेळणी बनवणाऱ्या कारागिरांच्या आळीत, केलेली मोठी लाकडी फळं ठेवलेली असतात. ती हाताळू देत खुशाल.

तुम्ही तोवर आमच्या दुसऱ्या टेबलावर गंजिफा हा पत्त्यांचा जुना खेळ खेळून बघा. दशावतारी गंजिफाचे गोल पत्ते १२०, दर अवताराचे बारा: राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. पहिला हात आम्ही शिकवतो, त्याचे पैसे नाहीत. हातात पत्ते असले की मुलाच्या चालीकडे लक्षही कमी जातं, हा आमचा अनुभव.

मुलाला आवडलेला खेळ घरी न्यायचा असेल तर निघताना विचारा. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. आमच्याकडचे पेटीबंद खेळ त्या चिन्हाचेच आहेत. पुठ्ठ्याचे पट आपल्याकडच्या पावसाळ्यात फुगतात, म्हणून सापशिडी आणि ल्यूडो आम्ही कापडावर करून देतो. सोबत लाकडी सोंगट्या. घडी करून गावच्या पिशवीत मावतात.

टोकनवरच्या वेळेआधी दहा मिनिटं या, आणि मुलाला खाऊ घालून आणा. उपाशी मूल तिसऱ्या पाळीला उठतं, आणि उरलेल्या तिघांचा डाव तिथेच मोडतो.