मेंढ्याचं नाक दिसतं, जुळ्यांचा जीन दिसत नाही

कृषी प्रदर्शनात माडग्याळ मेंढा उभा केला की लोक आधी त्याचं नाक बघतात. राघूच्या चोचीसारखं बाकदार नाक, उंच पाय, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून नाव पडलेली ही मेंढरं आहेतच देखणी, आणि २०२० मध्ये आटपाडीच्या बाजारात अशाच एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी आल्याची बातमी सगळीकडे फिरली होती. हौसेला मोल नसतं हे मान्य, पण मला मेंढ्यातली जी गोष्ट सगळ्यात भारी वाटते ती कितीही निरखून बघितलं तरी दिसत नाही.

ती म्हणजे जुळी कोकरं देण्याचा गुण. लोकरीला आता भाव नाही, बऱ्याच ठिकाणी कातरणीची मजुरीसुद्धा निघत नाही, त्यामुळे मेंढपाळाचं घर चालतं ते विकलेल्या कोकरांवर आणि शेतात खतासाठी मेंढरं बसवल्याच्या पैशावर. आणि आपली दख्खनी मेंढी काटक, मैलोनमैल चालणारी, पण एका वेताला बहुतेक वेळा एकच कोकरू देते.

आता बंगालच्या सुंदरबनात जाऊया. तिथली गारोल मेंढी एवढीशी असते, दलदलीत, गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते, पण जुळी-तिळी देणं तिला नेहमीचंच. याचं कारण आहे एक जीन, म्हणजे आईबापाकडून पिल्लात येणारा, गुण ठरवणारा डीएनएचा तुकडा; त्यातल्या बदलाला फेकबी म्हणतात. १७९२-९३ च्या सुमारास बंगालमधून काही मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या, आणि तिथल्या बुरूला मेरिनो या भरपूर कोकरं देणाऱ्या जातीत हा गुण त्यांच्याकडूनच आला असं मानलं जातं. पुढे २००१ मध्ये नेमका बदल सापडला, डीएनएमधलं फक्त एक अक्षर बदललेलं!

एवढ्याशा बदलाने होतं काय? मेंढीच्या बीजांडकोशात एकाच वेळी बरीच बीजं वाढायला लागतात, पण साधारणपणे त्यातलं एकच पूर्ण पिकून बाहेर पडतं, बाकीची मध्येच थांबतात. ही वाढ आवरून धरणारा एक सिग्नल असतो. फेकबीमुळे तो सिग्नल घेणारं प्रोटीन जरा मंद पडतं, मग बीजाभोवतालच्या पेशी लवकर तयार होतात आणि एकाऐवजी दोन-तीन बीजं सुटतात. गंमत म्हणजे मेंढ्याच्या अंगात हा जीन असला तरी त्याच्यावर काहीच परिणाम दिसत नाही, तो फक्त पुढच्या पिढीला देतो, आणि परिणाम दिसतो लेकींमध्ये.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात हा गुण दख्खनी मेंढीत आणायचं काम हातात घेतलं. गारोलचा दख्खनीशी थेट संकर केला तर जुळी येतात पण अंगाने बारकी, बाजारात कोण घेणार? म्हणून पुन्हा पुन्हा मोठ्या अंगाच्या मेंढरांशी संकर करत गेले, आणि नेमका बदल सापडल्यावर दर पिढीत रक्ताची तपासणी करून जीन असलेलीच जनावरं पुढे ठेवली. ही डीएनए तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या मदतीने बसवली. त्यातून नारी सुवर्णा मेंढी तयार झाली (नारी हे संस्थेच्या इंग्रजी नावाचं लघुरूप). प्रत्येक जनावरात जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. त्यातली एक प्रत फेकबीची असलेल्या मेंढीला बिनजीनवालीपेक्षा साधारण दोन वेतांमागे एक कोकरू जादा मिळतं, आणि माझ्या मते कळपाला तेवढंच झेपतं.

कारण जुळी म्हणजे दुधाला दोन तोंडं. वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या मुक्कामाच्या तळावर, दुपारी मेंढ्या चरायला गेल्या की वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोकरं ओरडत असतात, आणि मुक्काम हलवताना ज्यांना चालवत नाही त्यांना घोड्यावर घालून न्यावं लागतं, हे सगळं काम बहुतेक घरातल्या बायकांच्या अंगावर पडतं. जुळ्यातली कोकरं जन्मतःच हलकी असतात, त्यामुळे पहिल्या काही तासांत चीक दोघांनाही मिळाला पाहिजे, आणि मेंढीला गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात थोडा मका किंवा पेंड द्यायलाच हवी. हे जमणार नसेल तर जीन असून उपयोग नाही, उलट कोकरं मरतात.

मेंढा विकत घेणार असाल तर नाक, उंची, दात सगळं बघा, पण त्याची फेकबीसाठी डीएनए तपासणी झालीय का तेही विचारा. फेकबीच्या दोन प्रती असलेला मेंढा लावला की त्याच्या प्रत्येक लेकीला एक प्रत मिळणारच, एक प्रत असेल तर साधारण निम्म्या लेकींना.