क्रीडा मानसशास्त्रज्ञ कोणी म्हणवून घ्यायचं?

सायकल शर्यतींवरचा १८९८चा अभ्यास आणि १९२५ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठात निघालेली प्रयोगशाळा, इथून क्रीडा मानसशास्त्राचा इतिहास सांगायची पद्धत आहे. ती प्रयोगशाळा १९३२ मध्ये बंद पडली. त्यानंतर कित्येक वर्षं हा विषय प्रामुख्याने शारीरिक शिक्षण विभागांनी जगवला, मानसशास्त्र विभागांनी त्याकडे फारसं पाहिलंच नाही. प्रशिक्षणाच्या पुढच्या साऱ्या भांडणांचं मूळ इथे आहे.

भांडण उघड झालं ते ऐंशीच्या दशकात. राष्ट्रीय संघांबरोबर कोणी काम करायचं, याची यादी करताना अमेरिकेच्या ऑलिम्पिक संघटनेने १९८३ मध्ये तीन गट पाडले: उपचार करणारे, कौशल्यं शिकवणारे आणि संशोधक. नैराश्य किंवा खाण्याशी निगडित आजार पहिल्यांनी हाताळायचे. एकाग्रता, आत्मविश्वास, स्पर्धेआधीची मनाची तयारी हे दुसऱ्यांनी. कागदावर चोख विभागणी. पण स्टार्टिंग ब्लॉकवर उभं राहताच छातीत धडधडतं म्हणून आलेली जलतरणपटू तिसऱ्या भेटीत सांगते, की वजन वाढू नये म्हणून ती रात्रीचं जेवत नाही. आता श्वासाचे सराव चालू ठेवायचे, की तिला डॉक्टरांकडे पाठवायचं? ती हे बोलण्याआधीच खूण ओळखायला कोणी शिकवायचं? यादी याबद्दल गप्प होती. माणसांचे गट पाडले गेले, त्यांना काय शिकवायचं हा प्रश्न मागे राहिला, आणि माझ्या मते तो निर्णय इथेच चुकला.

१९८९ मध्ये दुसऱ्या एका संघटनेने प्रमाणपत्राचे निकष मंजूर केले, तेव्हा पदनामात ‘सल्लागार’ हा शब्द आला. ‘मानसशास्त्रज्ञ’ हे नाव तिथल्या राज्यांच्या कायद्यांनी परवानाधारकांसाठी राखून ठेवलेलं. म्हणजे ज्यांनी हा विषय शिकवून एक पिढी घडवली, त्यांतल्या अनेकांना ते नाव लावता येईना. त्यांचं दुखणं खरं होतं. पण नावावर विश्वास टाकून येणाऱ्या खेळाडूला संरक्षण हवं, हेही तितकंच खरं.

ब्रिटनने २००९ मध्ये ‘क्रीडा व व्यायाम मानसशास्त्रज्ञ’ हे पदनामच कायद्याच्या कक्षेत आणलं. नोंदणीशिवाय ते लावणं गुन्हा ठरला. मान्यताप्राप्त पदव्युत्तर शिक्षणानंतर अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काही वर्षं काम, हा तिथला रस्ता. क्रीडाविज्ञानाच्या बाजूने आलेल्यांना सुरुवातीला हे जड गेलं. पुढे त्यांच्या संघटनेचा स्वतंत्र प्रशिक्षणमार्गही नियामकाने मान्य केला.

आता वादक, नर्तक, शल्यचिकित्सक, सैनिक यांच्याबरोबरही हे काम चालतं. अमेरिकेतल्या त्या प्रमाणपत्रालाही परीक्षा जोडली गेली आहे आणि मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली ४०० तासांचं काम लागतं. त्यातला निम्मा वेळ थेट खेळाडू किंवा कलाकारांसोबत घालवावा लागतो.