‘न्यूज’मध्ये चार दिशा नाहीत

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे शाळेतल्या सामान्यज्ञानापासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत एक उत्तर वर्षानुवर्षं फिरतंय, कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये: नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ यांची आद्याक्षरं जोडून ‘न्यूज’ शब्द झाला, कारण बातम्या चारी दिशांनी येतात.

जुळतं इतकं छान की पटायलाच हवं. पण हा शब्द ‘न्यू’ म्हणजे नवीन, याला अनेकवचनाचा ‘एस’ लागून झालाय. अर्थ, नव्या गोष्टी. फ्रेंच ‘नूव्हेल’ची घडणही तशीच. इंग्रजीत तो १४व्या शतकाच्या अखेरीपासून सापडतो. आद्याक्षरांतून ‘रडार’सारखे शब्द बनवण्याची पद्धत मात्र रुळली २०व्या शतकात. शिवाय जुन्या लेखनात त्याचं स्पेलिंग ‘एन-ई-डब्ल्यू-ई-एस’ असंही आहे. मग त्या दुसऱ्या ‘ई’ला कुठली दिशा द्यायची? (एरवी दिशाही आपण नॉर्थ-साउथ अशा जोडीनेच म्हणतो, हेही आहेच.)

पडताळायचं असेल तर व्युत्पत्ती देणारा कोणताही चांगला इंग्रजी शब्दकोश उघडा. नोंदीच्या शेवटी किंवा सुरुवातीला मूळ दिलेलं असतं. तिथे ‘न्यू’ भेटेल, होकायंत्र नाही.