ऑफिसचं बॅकअप इंटरनेट

मेन लाईन बंद पडल्यावर ऑफिसचं काम ज्या दुसऱ्या लाईनवर चालतं तिला बॅकअप इंटरनेट म्हणतात, आणि राऊटरने स्वतःहून त्या लाईनवर जाणं म्हणजे फेलओव्हर. छोट्या ऑफिसात त्यासाठी दोन वॅन पोर्टचा (वॅन पोर्ट म्हणजे बाहेरची इंटरनेट लाईन जोडायची जागा) राऊटर पुरतो, एका पोर्टला फायबर, दुसऱ्याला दुसऱ्या कंपनीची लाईन नाहीतर सिमवाला ४जी किंवा ५जी राऊटर.

कंपनी वेगळी घेतली म्हणजे झालं असं नाही, दोन्ही केबल एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून येत असतील तर एका खोदकामात दोन्ही जातात, म्हणून फायबरच्या जोडीला मोबाईल लाईन बरी. राऊटर, मोडेम, स्विच तिन्ही यूपीएसवर हवेत.

खरी मेख पुढे आहे. फायबर रस्त्यात तुटली तरी मोडेमपासून राऊटरपर्यंतची केबल शाबूत असते, पोर्टचा दिवा हिरवाच राहतो आणि राऊटरला वाटतं सगळं ठीक आहे. म्हणून त्याला बाहेरचे पत्ते पिंग करायला, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का बघायला लावायचे, उदा. ८.८.८.८ आणि १.१.१.१, दर ५ सेकंदांनी, आणि ३-४ वेळा दोन्हीकडून उत्तर आलं नाही तरच लाईन बदलायची. एकच पत्ता ठेवू नका, तोच बंद पडला तर चांगली लाईन उगाच सोडली जाते. मेन लाईनवर परत येताना पण घाई नको, ती काही मिनिटं सलग टिकली की मगच, नाहीतर दिवसभर इकडून तिकडे उड्या चालू राहतात.

डीएनएस, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारा सर्व्हर, तर हमखास विसरला जातो. मेन कंपनीचेच डीएनएस टाकलेले असतील तर ते दुसऱ्या कंपनीच्या लाईनवरून बऱ्याचदा उत्तर देत नाहीत, म्हणजे पिंग चालतो पण एकही साईट उघडत नाही.

लाईन बदलली की बाहेरचा आयपी (इंटरनेटवर दिसणारा ऑफिसचा पत्ता) बदलतो, त्यामुळे चालू कॉल तुटतात, व्हीपीएन (दुसऱ्या नेटवर्कशी केलेली सुरक्षित जोडणी) पुन्हा जोडावं लागतं. मोबाईल लाईनवर बऱ्याचदा सीजीनॅट असतं, म्हणजे कंपनी एकच बाहेरचा आयपी अनेक ग्राहकांत वाटते, वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला तर समजायचं की ऑफिसचा कॅमेरा किंवा सर्व्हर बाहेरून थेट उघडणार नाही.

दोन्ही लाईन एकदम वापरणं म्हणजे लोड बॅलन्सिंग, त्यात मध्येच आयपी बदलल्याने बँकेच्या साईटवरून लॉगआउट होतं, तेव्हा अशा साईट एकाच लाईनला बांधून ठेवाव्यात.

टेस्ट करताना राऊटरची केबल काढू नका, मोडेममध्ये बाहेरून येणारी वायर काढा, एक कॉल चालू ठेवून.