दिवसाची लाईट : सौरऊर्जेनं रानातले आणि घरातले तास कसे बदलतायत

सोलरचा विषय निघाला की बोलणं लगेच बिलावर जातं, किती युनिट वाचले, पैसे किती वर्षांत फिटले वगैरे. ते महत्त्वाचं आहेच, पण माझं मत विचाराल तर आपल्यासारख्या देशात या विजेनं सगळ्यात मोठा फरक पडतो तो माणसाच्या वेळेत. कुठलं काम कधी करायचं, झोपायचं कधी आणि उठायचं कधी, हे शेतकऱ्याच्या घरात आजवर लाईटनंच ठरवलं आणि आता कुठं ते बदलायला लागलंय. कोल्हापूर भागात हे फार स्पष्ट दिसतं, कारण इथं ऊस आहे आणि उसाला पाणी पाजायचं म्हंजे तासन् तास मोटर चालवायला लागते.

शेतीच्या थ्री फेज लाईटला पाळ्या असतात, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की हातात बॅटरी घ्यायची आणि रानात जायचं. डोक्याच्या वर गेलेला ऊस, मिट्ट काळोख, सरीत पाणी, पायाखाली घोणस असली तरी दिसणार नाही, राधानगरी-दाजीपूरच्या जंगलाच्या बाजूला तर समोर गवाच उभा राहतो, आणि चिखलानं ओल्या झालेल्या हातानं स्टार्टरला हात लावायचा. ऑटो बसवलेला असला तरी मोटर आपोआप सुरू होते एवढंच, पाणी कुठल्या सरीत चाललंय, कुठं फुटलंय हे बघायला माणूस जागाच लागतो. आणि त्याच माणसाला सकाळी परत धार काढायची असते, वैरण आणायची असते. २०२२ मध्ये कोल्हापुरात शेतकरी आंदोलनाला बसले तेव्हा मागणी फुकट विजेची नव्हती, दिवसा दहा तास लाईट द्या एवढीच होती.

आता प्रश्न असा की शेतीला रात्रीच लाईट का द्यायची? यात कुणाचा दुष्टपणा नाही, यामागं कोळशाच्या वीजकेंद्राचं शास्त्र आहे. कोळशाचा बॉयलर एकदा तापवला की तो मनाला येईल तेव्हा बंद-चालू करता येत नाही, थंड झालेलं युनिट परत सुरू करायला कित्येक तास जातात, त्यामुळं ते रात्रीही निम्म्याच्या आसपास तरी चालवत ठेवावं लागतं. पण रात्री ऑफिसं बंद, दुकानं बंद, बरेच कारखाने बंद, मग ही वीज घेणार कोण? शेतीपंप! म्हंजे जास्तीची वीज रात्री होती म्हणून शेतकरी रात्री जागत होता.

सौरऊर्जेनं हेच गणित उलटं केलं. सिलिकॉनच्या पॅनलवर ऊन पडलं की त्यातले इलेक्ट्रॉन सुटतात आणि करंट वाहायला लागतो, फिरणारा पार्ट नाही, जळण नाही, आणि १ किलोवॉटचं पॅनल आपल्याकडं दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास वीज देतं. ही वीज सकाळी थोडी, दुपारी भरपूर आणि संध्याकाळी शून्य. २०१४ साली भारतात सौरऊर्जेची क्षमता ३ गिगावॉटसुद्धा नव्हती, जानेवारी २०२५ अखेर ती १०० गिगावॉटच्या पुढं गेली. त्यामुळं आता जास्तीची वीज दुपारी आहे, आणि पाणी पाजायची खरी वेळ पण दिवसाचीच. पावसाळ्यात ढग असतात म्हणून पॅनल कमी वीज देतं ही तक्रार खरी, पण आपल्याकडं जून ते सप्टेंबर मोटरीला तसंही फारसं काम नसतं, उलट मार्च-एप्रिलमध्ये ऊस पाणी मागतो तेव्हाच ऊन कडक असतं, हे जुळणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता यात दोन वाटा आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक म्हंजे रानातच पॅनल लावून चालणारा सौरपंप, ३, ५ किंवा साडेसात एचपीचा, त्याला लाईनच लागत नाही, विहीर किंवा बोअर असेल तर उत्तम. पण आपल्या जिल्ह्यात पंचगंगा, भोगावती, दूधगंगा अशा नद्यांवरनं पाणी उचलणाऱ्या सहकारी पाणीपुरवठा संस्था आहेत, त्यांच्या मोटरी कितीतरी मोठ्या, पाइपलाइन लांबलचक, तिथं साडेसात एचपीचं काही चालत नाही. तिथं दुसरी वाट बरोबर आहे, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. यात गावाजवळच्या सबस्टेशनच्या आसपास काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा करायचा आणि शेतीचा अख्खा फीडरच, म्हंजे सबस्टेशनमधनं रानाकडं जाणारी लाईनच, त्यावर दिवसा चालवायची, शेतकऱ्याची मोटर तीच आणि स्टार्टरही तोच, बदलतो तो फक्त टाइम.

याचा आणखी एक फायदा आहे ज्याकडं कुणी लक्ष देत नाही, तो म्हंजे व्होल्टेज. लांब पाइपलाइनच्या शेवटच्या नळाला जसं पाणी बारीक येतं तसं लांब लाईनच्या शेवटच्या डीपीला, म्हंजे रानातल्या ट्रान्सफॉर्मरला, व्होल्टेज कमी येतं. आणि व्होल्टेज कमी आलं की मोटर गप्प बसत नाही, तेवढंच पाणी उचलायला ती जास्त करंट ओढते, आणि तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हंजे करंट २० टक्के वाढला तर उष्णता ४४ टक्के. रिवायंडिंगच्या दुकानात जाऊन बघा, मोटर उघडली की आतली गुंडाळी कोळशासारखी काळी, वार्निशचा करपट वास, मग खाचेतनं जळकी तार ओढून काढायची, नवीन तार वेढ्यावेढ्यानं भरायची, वार्निश देऊन वाळवायची. यात हजारो रुपये जातात ते जातात आणि तोवर पीक वाळतं. वीज गावाजवळच तयार झाली की तारेतला प्रवास कमी होतो, लाईनच्या टोकाला व्होल्टेज सुधारतं आणि मोटरी कमी जळतात. हा फायदा कुठल्याच बिलावर छापून येत नाही.

घरातल्या बाईच्या तासांचं काय? आपल्या भागात दारात म्हशी आहेत, म्हणून गोबरगॅस पण बऱ्याच घरात आहे, आणि नवीन सोलरच्या नादात त्याला जुनं समजून सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं. तीन-चार जनावरांचं शेण, रोजचं साधारण ५० किलो, तेवढंच पाणी घालून कालवलं की २ घनमीटरच्या प्लँटवर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. टाकीत हवा नसते, तिथं जिवाणू शेण कुजवून मिथेन तयार करतात, आणि मागं उरलेली स्लरी रानात खत म्हणून जाते. चुलीसमोरची खोकल्याची उबळ, डोळ्यातलं पाणी, काळी पडलेली भिंत आणि जळण गोळा करायचे तास हे सगळं एकदम कमी होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या धुरामुळं जगभरात ३२ लाख माणसं गेली, आणि चुलीपुढं सगळ्यात जास्त वेळ बाई आणि तिच्याजवळचं लहान पोर बसलेलं असतं.

संध्याकाळचं कोडं मात्र अजून पुरतं सुटलेलं नाही. ऊन गेलं की सोलर संपतं आणि नेमके तेव्हाच घराघरात दिवे, टीव्ही, मिक्सर सुरू होतात. इथं आपला भाग नशीबवान आहे. जवळच्या साताऱ्यात १९६० मेगावॉटचं कोयना जलविद्युत केंद्र आहे, पाण्यावरचं टर्बाइन काही मिनिटांत सुरू होतं, त्यामुळं दिवसा पाणी राखायचं आणि संध्याकाळी सोडायचं हे जमतं. साताऱ्याच्याच पठारांवर चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पवनचक्क्या आहेत, त्या पावसाळ्याच्या वाऱ्यात जोरात असतात, म्हंजे सोलर मंद असतं तेव्हाच. आणि गळीत हंगामात साखर कारखाने. एक टन ऊस गाळला की अंदाजे २८० ते ३०० किलो बगॅस, म्हंजे उसाचा चोथा, निघतो, तो बॉयलरला घालून कारखाना स्वतःपुरती वीज करतो आणि उरलेली ग्रीडला विकतो, रात्रंदिवस.

तरी कोळसा गेला असं कुणी समजू नये. जून २०२५ मध्ये देशातली निम्मी वीजक्षमता कोळसा-गॅस सोडून बाकीच्या स्रोतांची झाली, पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष तयार होणारी वीज वेगळी, देशातली बहुतेक वीज अजून कोळशावरच होते. शिवाय सौर प्रकल्पाला जागा लागते, ती कधी गायरानातनं येते, आणि तिथं चरणाऱ्या जनावरांचं काय हे ग्रामसभेत विचारलंच पाहिजे. शेतकऱ्याची जमीन भाड्यानं घेतली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असा सौर कृषी वाहिनी योजनेचा दर आहे, तो सही करायच्या आधी माहीत असू दे.

आणि एक गोष्ट पुराच्या गावांसाठी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सबस्टेशनं पाण्यात गेली, नदीकाठची चिखली-आंबेवाडीच काय, कोल्हापूर शहरातसुद्धा लाईट नव्हती आणि पाणी उपसा केंद्रं बुडाल्यानं प्यायचं पाणी पण नव्हतं. अशा वेळी छतावर साधं ऑनग्रिड, म्हंजे लाईनला जोडलेलं बिनबॅटरीचं सोलर असेल तर ते पण बंद पडतं! त्याचा इन्व्हर्टर लाईन गेली की मुद्दाम थांबतो, नाहीतर आपल्या छतावरची वीज उलट लाईनमध्ये जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेईल. त्यामुळं पूर आला की जिथं गाव हलवतात त्या उंचावरच्या शाळेत, मंगल कार्यालयात, दवाखान्यात सोलर बसवताना हायब्रिड, म्हंजे लाईन गेली तरी बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर आणि बॅटरीच घ्या, खर्च जास्त येतो पण त्यावर दिवे, पाण्याची छोटी मोटर, मोबाइल चार्जिंग आणि लसींचा २ ते ८ अंशांत ठेवायचा फ्रिज एवढं चालतं. कोटेशन घेताना विक्रेत्याला पहिलाच प्रश्न हा विचारा, की लाईन गेल्यावर हे चालणार का, आणि उत्तर लेखी घ्या.