लाथ एका पायाची, भार दुसऱ्यावर

तायक्वांदोच्या सामन्यात सगळ्यांच्या नजरा हवेत उठलेल्या पायावर असतात. बहुतेक गुणही तोच मिळवतो. पण त्या क्षणी अख्खं शरीर तोलून धरतो तो जमिनीवरचा पाय, आणि तळपायावरच्या दाबाचा अभ्यास करायचा तर आधी त्याच्याकडे बघायला हवं.

चेंडू मारायला जो पाय आपसूक पुढे येतो, तो प्रबळ पाय. बहुतेकांचा तो उजवा असतो. म्हणून डावा दुबळा ठरत नाही. लाथ उजव्याने मारायची सवय असेल, तर एका पायावर उभं राहण्याचा सगळा सराव डाव्याला मिळतो. ही कामाची वाटणी आहे.

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. ६० किलो वजनाचा खेळाडू एका पायावर स्थिर उभा राहिला की जमिनीवर सुमारे ५९० न्यूटन बल पडतं. तळपायाचा टेकलेला भाग १२० चौरस सेंटिमीटर धरला, तर सरासरी दाब होतो साधारण ४९ किलोपास्कल. गोल फिरवून मारायच्या लाथेत मात्र टाच उचलली जाते आणि खेळाडू चवड्यावर गर्रकन वळतो. टेकलेला भाग ४० चौरस सेंटिमीटरच उरला, तर वजन तेच असूनही दाब तिप्पट, म्हणजे १४७ च्या आसपास! त्यात वळताना त्वचा घासते ती वेगळीच. अनवाणी सराव करणाऱ्यांच्या अंगठ्यामागच्या उंचवट्यावर घट्टे पडतात, ते यामुळेच.

हे मोजायला संवेदक (सेन्सर) बसवलेली पट्टी किंवा बुटातला पातळ तळवा वापरतात. पडद्यावर दाबाचा रंगीत नकाशा उमटतो. दोन्ही पायांवर शांत उभं असताना टाचेखालचा रंग सहसा सर्वांत गडद दिसतो, कारण भार मुख्यतः तिथेच असतो. पवित्रा घेतला की नकाशा बदलतो. कराटेच्या झेनकुत्सु-दाची या पवित्र्यात जास्त भार पुढच्या पायावर, तर कोकुत्सु-दाचीत मागच्या.

म्हणूनच नुसतं उभं करून घेतलेल्या एका मोजणीवर निष्कर्ष काढणं मला पटत नाही. दोन पायांत थोडा फरक निरोगी माणसातही असतो, आणि एकाच पायाची दोन पावलंही तंतोतंत सारखी पडत नाहीत. चालताना, वळताना, दोन्ही बाजूंनी लाथ मारताना अनेकदा मोजून सरासरी काढावी लागते. फरक वाढत चालला असेल आणि जोडीला चवडा किंवा घोटा दुखत असेल, तर प्रशिक्षकाने सरावातल्या दोन्ही बाजूंच्या लाथांची संख्या तपासावी आणि खेळाडूला डॉक्टरकडे पाठवावं.